कॉइलवरचा विळा

जमिनीखालचं ऐकायची नोकरी करणाऱ्या माणसाला जमिनीवरचा गोंगाट सोसत नाही. विहिरीवरची मोटर, विजेची तार, बांधावरून जाणारा ट्रॅक्टर, मी सगळ्यांवर चिडते. कासुर्डीपासून उत्तरेला निघालेली आमची मोजणीची रेघ कवठे येमाईच्या माळावर पोचली, तोवर मी साऱ्या जगावर रुसले होते. हे शेवटचं ठिकाण. काळ्या कातळाच्या थरांखाली एक फार जुनी भेग आहे आणि ती इथंच कुठंतरी असावी, असा आमचा अंदाज होता.

तिला बघायचं म्हणजे डोळे मिटून ऐकायचं. दूर कुठल्यातरी समुद्रावर विजा कडाडतात, सूर्याकडून काहीबाही वाहत येतं, आणि त्यानं जमिनीच्या पोटात बारीक प्रवाह हलतात. ते टिपायला आम्ही मीठपाण्याची भांडी आणि कॉइल पुरतो. कॉइल म्हणजे एक लांबट पांढरी नळी. खड्ड्यात आडवी निजवायची, वर माती लोटायची, आणि मग तिच्या आसपास कुणी फिरकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सहकाऱ्यानं, रविराजनं, लॅपटॉप पुढं केला. एका कॉइलची रेघ थंडीताप भरल्यासारखी थरथरत होती. मी तणतणत माळावर गेले.

कॉइलवरच्या मातीवर बाभळीचे काटे रचले होते. कडेनं दगड लावले होते. एका फांदीला विळा अडकवलेला, तो वाऱ्यानं डुलत होता. मातीवर दूध ओतल्याचा ओला डाग होता. शेजारी एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती, आणि तिच्या चार मेंढ्या लांब चरत होत्या.

लोखंड हललं की कॉइल बिथरते. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "लेकरू कुनाचं गं, पोरी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर काटे घालतात, वाईटसाईट येऊ नये म्हणून लोखंड ठेवतात. आम्ही तेवढ्याच लांबीचा खड्डा घेतला, काहीतरी जपून आत निजवलं आणि गाडीत बसून निघून गेलो. परगावची माणसं आपलं लेकरू ठेवून गेली, असंच तिला वाटलं.

मी बोटांनी माती सारून नळी दाखवली. तिनं नळीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"मंग कालधरनं मी कुनासाठी रडतीय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिथंच बसले. अनसाबाई त्यांचं नाव. सासर-माहेर दोन्हीकडं मेंढरं होती. लग्नानंतर कळपाबरोबर कोकणाकडं जाताना वाटेत तापानं त्यांची पहिली लेक गेली. तानू तिचं नाव. एका पळसाखाली तिला ठेवली, काटे घातले, पण कळप पुढं निघालेला, त्या घाईत लोखंड ठेवायचं राहिलं. परतताना पाहिलं तर रस्ता रुंद झाला होता आणि पळसच नव्हता. पुढं मेंढरं कमी झाली, जमीन आली, नातवंडं झाली. ती जागा काही सापडली नाही.

"तुमचं यंत्र लई खोलवर बघतंय म्हनं," त्या म्हणाल्या. "माझी तानू दिसल का त्यात?"

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं.

"नाही आजी. खोलातलं कळतं त्याला. इतकं वरचं कळत नाही."

लोखंडामुळं बिघडतं म्हटल्यावर त्यांनी विळा आपणहून काढला. घरी जाऊन आल्या आणि विळा मांडीवर घेऊन लांब लिंबाखाली बसल्या. मेंढ्यांना त्यांनी माळाच्या त्या अंगाला येऊच दिलं नाही. मीही दुसऱ्या झाडाखाली टेकले. ऊन पिवळं झालं. डोळा लागला की नाही कोण जाणे, पण पाठीखालची जमीन हळूहळू श्वास घेतेय असं वाटत राहिलं. खाली कातळ, त्याखाली कातळ, त्याखाली ती भेग, आणि तिथवर पोचलेली कुठल्यातरी समुद्रावरची वीज. एवढ्या सगळ्यात एक लहानशी मुलगी कुठंतरी निजलेली, आणि तिचा पत्ता कुणाकडंच नाही.

संध्याकाळी रेकॉर्ड उघडलं. रेघ स्वच्छ होती, आणि भेग असावी तिथंच तिनं वळण घेतलं होतं. रविराज हरखून गेला. मी जाऊन कॉइल काढली.

"खड्डा बुजवू नगंस," अनसाबाई म्हणाल्या.

त्यांनी कनवटीतून एक मनगटी काढली, काळ्या मण्यांची, माझी दोन-तीन बोटंच जेमतेम जातील एवढी. ती खड्ड्यात ठेवली आणि हातांनी माती लोटली. मी दगड आणून दिले. आम्ही दोघींनी काटे रचले.

त्यांना न्यायला मुलगा आला होता, संपत. त्याच्या फोनवर मी ती जागा साठवून दिली. नंतर आमच्या नकाशावर, जिथं प्रत्येक ठिकाणाला नुसता आकडा असतो, तिथं मी लिहिलं, तानू.

"म्हंजी आता हरवायची न्हाई?"

"नाही आजी. आता नाही."

त्यांनी विळा फांदीला अडकवला. तो वाऱ्यानं डुलायला लागला, आणि मी त्याला डुलू दिलं.