कागदावर मी वाहतच होतो

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पान हलत नव्हतं. वॉर्डातले पंखे नुसती गरम हवा ढवळत होते.

मी एक कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. रबराचा जीव. कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं, कुठल्यातरी बागेत पाणी घालीन. नशिबी आले आमचे मिस्त्री. मला पाहून हसले, "जन्मभर लोकांकडे नळ जोडले, आता मलाच जोडला!"

माझं काम साधं. आतून येईल ते पिशवीत सोडायचं. पण सकाळी गाळ येऊन टोकाशी बसला आणि मी तुंबलो. सांगू कुणाला?

दुपारी मिस्त्री तळमळू लागले. "पोट फुटतंय गं पोरी," सुनेला म्हणाले. मग भलतंच बडबडायला लागले, मलाच ओढायला लागले.

सुनेनं सिस्टरला बोलावलं. सिस्टरनं कागद पाहिला. "कॅथेटर चालू आहे, लिहिलंय ना."

लिहिलं होतं खरं. प्रत्येक पाळीनं आधीच्या पाळीची ओळ उतरवली होती. माझ्याकडे वाकून कुणी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टर आले. "वयामुळे भ्रम झालाय. झोपेचं इंजेक्शन द्या."

मिस्त्री झोपले, तर दुखतंय हे सांगणार कोण?

सून आडवी आली. "ताई, सुई मागनं टोचा. आधी पिशवी बघा. सकाळी होती तेवढीच आहे. माणूस आहे का आटलेली विहीर?"

सिस्टर वाकली. पिशवी उचलली, मग पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं. तिचा चेहरा उतरला. "डॉक्टर, कॅथेटर तुंबलाय!"

पाणी सोडून पाहिलं, मी मोकळा झालो नाही. मला काढलं, नवा घातला आणि लालसर लघवीनं पिशवी भरत गेली. "आई गं, सुटलो," मिस्त्री पुटपुटले. अंगात ताप मात्र होता.

मी ट्रेमध्ये पडून ऐकत होतो. डॉक्टरांनी लिहिलं, 'लघवीत जंतुसंसर्ग. भ्रम.' तेवढ्यात कागद वाचून आजारांना कोड, म्हणजे नोंदीसाठी ठरलेले आकडे, लावणाऱ्या बाई आल्या.

"डॉक्टर, संसर्ग कॅथेटरमुळे झालाय का? आणि तो तुंबल्याचं कुठेच नाही. तुम्ही लिहिल्याशिवाय मला मनानं कोड लावता येत नाही."

"आता बरे आहेत ना ते?"

"आज आहेत. घरी गेल्यावर पुन्हा तळमळले, तर पुढचा डॉक्टर हाच कागद वाचून त्यांना झोपवेल."

डॉक्टरांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मग जुन्या ओळीवर रेघ मारून सही केली आणि खाली लिहीत मोठ्यानं म्हणाले, "कॅथेटर गाळानं तुंबला, लघवी अडली. संसर्ग कॅथेटरमुळे. बडबड त्या त्रासानं, वयानं नव्हे."

आता मला कचऱ्यात टाकतील. टाकोत. जाता जाता एवढंच मागणं, लेकरांनो, लिहिण्याआधी जरा वाकून बघत जा. तुंबलेल्याला तुंबलेला म्हणा. मला राग येत नाही.

शेजारच्या खाटेवरचे शिंपीमामा सगळं ऐकत होते. मिस्त्रींकडे तोंड करून म्हणाले, "दुखलं तर खुशाल ओरडा हो मिस्त्री. तुम्ही शहाणे आहात, हे आता लेखी आहे. आमचं तर अजून तेवढंही नाही!"