कडेचे, जरा आत या!

मित्रांनो, मी एक जुनी वाइड-अँगल लेन्स आहे. रुंद नजरेची म्हणा ना! कारखान्यात काच घासून घासून मला ही नजर मिळाली आणि एका फोटो स्टुडिओत माझा संसार सुरू झाला.

स्टुडिओवाले बाबा मला लग्नाच्या ग्रुप फोटोंना न्यायचे. "कडेचे, जरा आत या! कुणी राहायला नको," असं ओरडायचे. कडेच्या आत्याबाई माझ्यामुळे अंमळ रुंद दिसत आणि बाबांवर डाफरत. तरी बाबा मला जिवापाड जपत. काचेवर तोंडाने वाफ सोडायची, मऊ फडक्याने पुसायचं, मगच फोटो काढायचा, हा त्यांचा शिरस्ता. लेकीनेही तोच उचलला.

पुढे नव्या लेन्स आल्या आणि मी कपाटात पडले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण माझे जुन्याचे दिवस काही संपेनात. त्याच सुमारास बाबांचे डोळे बिघडले. अंधार पडला की त्यांना काहीच दिसेना. उजेडातली नजरही हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

"तारे बघून किती वर्षं झाली गं," बाबा एकदा लेकीला म्हणाले. तिने त्याच दिवशी मला शोधून काढलं.

पानगळीतल्या एका निरभ्र रात्री आम्ही टेकडीवर गेलो. बाबाही हट्टाने, लेकीचा हात धरून आले. पण एकही फोटो धड येईना. सगळे तारे धुरकट! लेक मला पुन्हा पुन्हा पुसत होती आणि मला रडू येत होतं.

बाबांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. "अगं, वाफ सोडतेस की काय? थंडीत ती काचेवरच बसते!"

"तुम्हीच शिकवलंत ना, बाबा!"

"ते लग्नाच्या उबदार हॉलमधलं गं," बाबा हसले. गळ्यातला उबदार मफलर काढून त्यांनी चाचपडत माझ्याभोवती गुंडाळला. हळूहळू माझी काच निवळली आणि मी आकाश डोळाभर पाहून घेतलं.

लेकीने तो फोटो भिंतीएवढा छापला आणि स्टुडिओतले सगळे दिवे लावले. बाबा फोटोला नाक लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेले. अगदी कोपऱ्यात कृत्तिकांचा पुंजका होता. तिथे ते थांबले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कपाटात ओल धरू देऊ नका. अधूनमधून बाहेर काढा, कामाला लावा. आम्ही उपकार विसरत नाही. मला त्या मफलरची ऊब अजून आठवते, आणि कृत्तिकांवर बोट ठेवून बाबा जे म्हणाले तेही:

"कडेचेसुद्धा सगळे आले गं!"