तपासून घेतलेली सून

सत्यभामानं रक्तदाबाचा पट्टा मुलीच्या दंडाला गुंडाळला, तर तो एक वेढा जास्तच गेला. तिनं तो सोडला, पुन्हा आवळून बांधला आणि समोरच्या कार्डावर पेन टेकवलं.

"पाळी कधी आली होती शेवटची?"

"जेठात. त्याच्यानंतर न्हाई," तानुबाई म्हणाली.

"वय?"

"वीस. आधारवर हाय की."

तानुबाई म्हणजे सत्यभामाची सख्खी आई आणि पट्टा बांधलेली मुलगी तिची भावजय, सृष्टी. सोनपेठ तालुक्यातल्या या आरोग्य केंद्रात सत्यभामा बारा वर्षं सिस्टर होती. माहेर इथून चार किलोमीटरवर. गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस होता, डॉक्टर परभणीला बैठकीला गेले होते आणि बाहेर बाकावर सात-आठ जणी ताटकळत बसल्या होत्या. तानुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, रिक्षा करून सुनेला घेऊन आली होती.

"चक्कर येते का गं?"

"येती की. सकाळी उठवत न्हाई तिला. सगळं काम मीच करायले."

सत्यभामानं 'चक्कर' असं लिहिलं आणि तिचं पेन थांबलं. तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं आईनं दिली होती. मुलीनं तोंडच उघडलं नव्हतं. आधारकार्ड आईच्या पिशवीत होतं. मुलगी दाराकडे बघत बसली होती.

गेल्या वर्षी परभणीत एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. एकशे आठच्या गाड्यांवरचे डॉक्टर, सिस्टर, आशाताई असे साठेक जण असतील. फसवून आणलेल्या, विकलेल्या बाया-पोरी कधी ना कधी दवाखान्यात येतातच, तिथं कुणी ओळखलं नाही तर पुढं ओळखणारं कुणी नसतं, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. ओळखायचं कसं, असं त्यांनी विचारल्यावर पहिला हात सत्यभामाचा वर गेला होता. तिच्याऐवजी दुसराच माणूस बोलतो. कागदपत्रं दुसऱ्याच्या ताब्यात असतात. ती नजर वर करत नाही. सत्यभामानं हे सगळं धडाधडा सांगितलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या.

"आई, तू जरा बाहेर बस."

"का बरं?"

"आतून तपासायचंय हिला."

"मंग तपास की. मी काय परकी हाय का?"

"बाहेर बस म्हनले ना."

तानुबाई कुरकुरत उठली. सत्यभामानं दार लावून घेतलं आणि स्टूल ओढून ती मुलीच्या समोर बसली.

तिचा भाऊ महारुद्र छत्तीस वर्षांचा. चार एकर शेती, घरात खाऊन-पिऊन सुखी. पण सात वर्षं मुली बघूनही कुठं जमलं नव्हतं. ज्याला त्याला नोकरीवाला जावई पाहिजे होता. मग मानवतकडची एक बाई भेटली. तिनं ओडिशाची मुलगी आणून दिली. आई-बाप नाहीत, गरीब आहे, दोन वेळचं जेवायला मिळालं की राहील, असं ती म्हणाली. त्या बाईला जे पैसे द्यावे लागले त्यांना घरात सगळे लग्नाचा खर्च म्हणत. सत्यभामाही तसंच म्हणत आली होती.

"नाव काय तुझं?"

"सृष्टी."

"ते आमी ठिवलं लग्नात. तुझ्या घरी काय म्हनत होते?"

मुलीनं आधी बंद दाराकडे पाहिलं.

"सुकांती."

"घरी कोण कोण हाय?"

"बाबा. आन भाऊ, छोटा." चार महिन्यांत तिनं मराठी उचलली होती, तीही तानुबाईच्याच हेलानं. मधेच एखादा शब्द सापडला नाही की ती ओठ मिटून घ्यायची.

"मग इकडं कशी आलीस?"

"मला आनली ती मावशी बोलली, कापसाचा कारखाना हाय. काम हाय. आमी चार पोरी आलो. दोन दिवस खोलीत ठिवलं. मंग मला इकडं आनलं."

"बाकीच्या तिघी?"

तिनं मान हलवली. माहीत नव्हतं.

"शाळेत जात होतीस?"

"नववी. पंधरा झाले, सोळा व्हायचे."

सत्यभामानं कार्ड टेबलावर पालथं घातलं. यापुढचा प्रश्न काय विचारायचा, तो कसा हळू आवाजात विचारायचा, हे त्या प्रशिक्षणात तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

"सुकांती, तुला इथून जायचंय का?"

मुलीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता.

"अक्का, तवा बोलले होते ना मी तुमाला. ह्याच खोलीत. तुमी पानी दिलं."

चैत्रातली गोष्ट. लग्नाच्या दोन दिवस आधी महारुद्र तिला मोटारसायकलवर बसवून इथंच घेऊन आला होता. "अक्का, एकदा बघून घे हिला. नंतर काही निघालं तर काय करायचं?" सत्यभामानं बघून घेतलं होतं. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून, नखं दाबून, बोटाला सुई टोचून. मुलीनं अचानक तिचं मनगट धरलं होतं आणि आपल्या भाषेत काहीतरी भराभर बोलायला लागली होती, तेच तेच, पुन्हा पुन्हा. सत्यभामानं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, मनगट सोडवून घेतलं आणि बाहेर येऊन भावाला म्हणाली, "रक्त कमी हाय. बाकी चालतंय."

शब्द कळले नव्हते, हे खरं होतं. पण धरलेलं मनगट कळलं होतं. आणि परभणीचं ते प्रशिक्षण त्याआधीच होऊन गेलं होतं.

मुलीच्या दंडाला पट्टा अजून तसाच होता. सत्यभामानं तो सोडला. सोडताना तिला मान वर करवली नाही.

दार ढकलून तानुबाई आत आली. "झालं का? सगळं बरं हाय ना?"

"आई, हिचं वय पंधरा हाय. मला फोन करावा लागतोय."

"कुनाला?"

"मुलांच्या हेल्पलाइनला. मग पोलीस येतील."

तानुबाईनं मागं वळून आधी दार लावलं. "येडी झालीस का? तुझ्या भावाला धरून नेतेत ते."

"हो."

"जल्मभर तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई." तिचा आवाज चढला, मग बाहेरच्या बायांच्या भीतीनं एकदम खाली आला. "आन मी तर न्हाई म्हनत होते. लय बारकी दिसती म्हनले होते. तू सिस्टर. तू बघितलंस, चालतंय म्हनलीस, म्हनून आमी पुढं झालो."

ती खोटं बोलत नव्हती. सत्यभामानं फोन उचलून नंबर लावला.

पलीकडची मुलगी शांतपणे एकेक विचारत गेली. गाव, वय, कधी आणली, कुणी आणली. नवऱ्याचं नाव. "तुमचं त्यांच्याशी नातं?" सत्यभामानं सांगितलं.

"मॅडम, याआधी मुलीला कुणी डॉक्टर, नर्स, कुणी पाहिलं होतं का?"

तानुबाई मान हलवत होती. नको, नको. हे कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

"हो," सत्यभामा म्हणाली. "चैत्रात. इथंच."

"कुणी?"

"मीच."

फोन ठेवल्यावर तिनं लोखंडी कपाट उघडलं आणि जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यातून तो कागद शोधून काढला. अक्षर तिचंच, सुवाच्य. सगळे आकडे जिथल्या तिथं भरलेले. नावाच्या रकान्यात मात्र तिनं लिहिलं होतं, 'महारुद्रची होणारी'.

पोलीस आल्यावर तिनं तो कागद त्यांच्या हातात दिला.

सुकांतीला त्याच दिवशी परभणीच्या बालगृहात नेलं. पुढं तिच्या इच्छेनं आणि बालकल्याण समितीच्या परवानगीनं तिचा गर्भ काढण्यात आला. महारुद्र आत गेला. मानवतकडची ती बाई दिवाळीत सापडली, तिच्याकडून चारपैकी आणखी दोघींचा पत्ता लागला. चौथीचा लागला नाही. सत्यभामावर खात्याची चौकशी बसली. विचारलं ते तिनं सगळं सांगितलं. तानुबाईनं तिच्यासाठी घराचं दार बंद केलं. गावात एकजण म्हणाला, भावाला खाल्लं हिनं. दुसरा म्हणाला, शेवटी धाडस केलं बाईनं. त्या दुसऱ्याचं बोलणं ऐकवत नाही म्हणून ती त्या गल्लीनं जाईनाशी झाली.

कार्तिकात बालगृहातून बोलावणं आलं. सुकांतीचे वडील तिला न्यायला आले होते. निघण्याआधी एकदा तपासणी व्हायची होती, त्यासाठी जुन्या कागदांच्या प्रती हव्या होत्या. त्या पोस्टानंही पाठवता आल्या असत्या. सत्यभामा सकाळच्या एसटीनं स्वतः घेऊन गेली.

अधीक्षक बाई आत जाऊन आल्या आणि चष्मा पुसत उभ्या राहिल्या.

"ती म्हणते, तुम्ही नको. दुसऱ्या सिस्टर असतील तर तपासून घेते."

"हो. दुसऱ्याच पाठवा," सत्यभामा म्हणाली आणि कागद त्यांच्या हातात देऊन व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसली.

जिल्हा रुग्णालयातली निकिता नावाची तरुण सिस्टर आत गेली. दाराला आतून कडी लागली. आत काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं. एकदा मात्र कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. समोरच्या ओट्यावर एक काळसर, हडकुळा माणूस गुडघ्यांवर पिशवी घेऊन बसला होता. त्यानं सत्यभामाच्या अंगावरचा पांढरा कोट पाहिला आणि उठून हात जोडले. सत्यभामालाही उठावं लागलं. सुकांतीच्या बापाला तिनंही हात जोडले.

निकिता बाहेर आली. तिच्या हातात ते कागद होते.

"ताई, चैत्रातल्या ह्या केसपेपरवर उंची एकशे सेहेचाळीस लिहिलीय. नीट मोजली होती ना?"

"होती. का गं?"

"आता एकशे अठ्ठेचाळीस भरली. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून दोनदा मोजली."

सत्यभामानं तो आकडा पाहिला. आपल्या हातचा, ठळक.

"तुझं न्हाई चुकलं," ती म्हणाली. "वाढायली ती अजून."