बाल्योझाच्या मेजावरची ओढणी

मी एक पांढरी सुती ओढणी बोलतेय. खोय गावच्या मागावर माझा जन्म झाला आणि पेरीखानच्या लग्नात मी तिच्या डोक्यावर आले. तिचं गाव इराणच्या शहाच्या हद्दीत आणि मेंढरांची उन्हाळी कुरणं तुर्की सुलतानाच्या हद्दीत. मधल्या डोंगराला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. मेंढरांमागे तिच्या घामाने भिजत मी तो कितीदा ओलांडला, त्याची गणती नाही.

तंदूरच्या धुरात मी पिवळट व्हायचे, राखेच्या पाण्यात पुन्हा उजळायचे. बाईच्या डोक्यावर राहिलं की तिचं मन कळतं. पेरीखान नवस बोलायची तेव्हा ओठ हलायचे नाहीत, फक्त माझी कड तिच्या मुठीत चुरगळायची. देवाला तेवढं पुरत असावं.

आमच्याकडे ओढणीचा मान मोठा. परक्या बाईचं उघडं डोकं बघणं पुरुषाला पाप. दोन पुरुष खंजीर उपसून उभे राहिले आणि बाईने मधे ओढणी टाकली, की खंजीर म्यान होतात. बाईने एखाद्या थोर माणसाकडे आपली ओढणी पाठवली, तर तिचं मागणं त्याने पुरं करायचंच. ती परत पाठवणं म्हणजे बाईला उघड्या डोक्याने दारातून घालवून देणं.

१८८० साली आम्हा कुर्दांचे धर्मगुरू शेखसाहेब यांनी हाक दिली. कुर्दांचं घर एकच आहे, त्यात शहाची आणि सुलतानाची भिंत कशाला? गावातले पुरुष घोड्यांवर बसून गेले. उर्मिया शहराला वेढा पडला आणि उठलाही. शहाची फौज तोफा घेऊन आली, शेखसाहेब डोंगरापलीकडे परतले. आमचे काही पडले, काही पांगले. पेरीखानचा नवरा परतला नाही. मागे उरल्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं, अशी दोनशे जणं. खालची गावं जळत होती. धूर रोज थोडा वर चढत होता.

जीव वाचवायला सगळे वर खिंडीत गेले, पण तिथे सुलतानाची चौकी होती. तिथला कप्तान म्हणाला, "इंग्रज, रशिया अशा बड्या सरकारांनी आमच्या सुलतानाला बजावलंय. कुर्द दिसला की अडवा. बाल्योझाची चिठ्ठी आणा, सोडतो."

परक्या राजाच्या वकिलाला आमच्याकडे बाल्योझ म्हणतात. इंग्रजांचा बाल्योझ उर्मियाबाहेर एका द्राक्षमळ्यात उतरला होता. त्याच्याकडे जायला शेजारच्या ख्रिस्ती गावचा ओशाना तयार झाला. तो चर्चचा सेवक, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला. वेढ्याच्या दिवसांत पेरीखानने त्याची बायकामुलं आपल्या कोठारात लपवली होती.

तान्ह्या लेकीला, गुलेला, कडेवर सावरत पेरीखानने मला डोक्यावरून उतरवलं, तशी तिची सासू झेरे पुढे आली.

"सूनबाई, माझी दे. तुझी अजून नवी आहे."

"आई, तुमच्या ओढणीत चाळीस वर्षांचा धूर आहे. बाल्योझ शिंकून शिंकून मरेल."

"मरू दे. दुसरा पाठवतील. त्यांच्याकडे बाल्योझांना काय तोटा!"

त्या दिवसांतही दोघी हसल्या. ओशानाने मला छातीशी धरलं. म्हणाला, "वहिनी, तुमचा शब्द पोचवतो."

"उत्तर येईपर्यंत डोक्यावर दुसरं काही घेणार नाही," पेरीखान म्हणाली. वर बर्फ पडू लागलं होतं.

बाल्योझ माणूस वाईट नव्हता. ओशानाने रीत समजावली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्याने मला घेतलं. मग म्हणाला, "पण चिठ्ठी माझ्या एकट्याच्या हातात नाही. राजदूतांना विचारायला हवं. ते लंडनला विचारतील."

स्वार तारघराकडे धावला. मी मेजावर राहिले.

तिसऱ्या दिवशी रशियाचा बाल्योझ चहाला आला.

"एका ओढणीसाठी सरहद्द उघडणार तुम्ही?"

"बायकामुलांसाठी."

"आज बायकामुलं, उद्या घोडेस्वार. या बंडामागे तुमचंच सरकार आहे, असं आमच्याकडे आधीच बोललं जातंय."

आमच्या बाल्योझाने नकाशे मागवले. नकाशे पसरायला मला बाजूला सारलं. एकाच्या नकाशात आमची खिंड ओढ्याच्या अलीकडे, दुसऱ्याच्या नकाशात पलीकडे. तासभर दोघे त्यावरच भांडले. त्या खिंडीत माणसं गारठत बसली आहेत, हे कुठल्याच नकाशात नव्हतं.

पाचव्या दिवशी बाल्योझाने मला ओशानापुढे धरलं. "लंडनचं उत्तर नाही. ही बाईंना परत दे. सांग, मला फार वाईट वाटतंय."

ओशाना दोन पावलं मागे सरला. "साहेब, तोफ ओढत न्यायला सांगा, नेतो. ही नाही नेणार." आणि तो रिकाम्या हातांनी डोंगराकडे निघून गेला.

नवव्या दिवशी तो परत आला, तेव्हा त्याच्या दाढीत बर्फ होतं.

"चिठ्ठी आता नको साहेब," तो म्हणाला. "काल सकाळी शहाचे शिपाई दरीत दिसले. पेरीखानवहिनी तशाच उघड्या डोक्याने चौकीकडे चालू लागल्या. मग झेरेआजींनी स्वतःची ओढणी काढली. मग सगळ्याच बायकांनी. साठ-सत्तर जणी, केसांवर बर्फ. शिपायांनी बंदुका उचलल्या. कप्तानाने पाहिलं आणि डोळ्यांवर बाही घेतली. ओरडला, 'पाठ फिरवा! आपल्या आयाबहिणी आहेत!' सगळी चौकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कप्तान पाठमोराच म्हणाला, 'चला लवकर आयांनो, माझी मान फार वेळ अशी राहायची नाही.' सगळे पार झाले."

"सगळे?" बाल्योझाने विचारलं.

"पार झाले ते सगळे. वाट बघताना तीन म्हातारी माणसं गेली. आणि पेरीखानवहिनींची गुले. दहा महिन्यांची होती."

बाल्योझ खाली बसला. त्याच दुपारी तार आली, 'तूर्त काहीही करू नये.' त्याने ती वाचली, आणि दिवा लागेपर्यंत तो मला मांडीवर घेऊन बसून राहिला.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मी तिथे नव्हते म्हणून झालं. याचा मला अभिमान वाटावा की दुःख, ते अजून ठरत नाही. गुलेच्या पाळण्यावर मी कितीदा सावली केली होती.

बाल्योझ मला आपल्या देशी घेऊन गेला. त्याच्या नातीने मला एका संग्रहालयाला दिलं. आता मी काचेआड आहे. ऊन नाही, धूर नाही, कसर नाही. खाली पाटी आहे, 'एका कुर्दी स्त्रीने दिलेली भेट.' लोक वाचतात, "छान आहे" म्हणतात, पुढे जातात.

भेट नव्हे हो. मी मागणं आहे, आणि मागणं काचेत ठेवलं म्हणून संपत नाही. पाठ फिरवणारा तो कप्तान मी पाहिलेला नाही, पण त्याच्यामुळे माझी आशा टिकली आहे. तशी माणसं आजही चौक्यांवर उभी असतील. तुमच्यातलं कुणी कधी मोठ्या मेजाशी बसलं, तर माझं एवढं ऐका. बर्फात कुणी तुमच्या उत्तराची वाट बघत असेल, तर ते त्याच दिवशी द्या.