झुंबरबाईचं सभासदत्व

निरोप आला तेव्हा पितांबर बसखाली होता. पहूरची गाडी जळगावच्या आगारात लागली आणि तिचा कंडक्टर तिकिटांची पेटी हातात घेऊनच वर्कशॉपमध्ये आला. खालून पितांबरला त्याचे बूट तेवढे दिसले.

"पितांबरभाऊ, बाहेर या जरा."

"चार नट राहिलेत. बोला तिथूनच."

बूट थोडे मागेपुढे झाले. "अभिमन पाटलांचा निरोप आहे. झुंबर गेली म्हणून सांगा, म्हणाले."

पितांबर पान्हा फिरवत म्हणाला, "तिला जाऊन सतरा वर्षं झाली, मास्तर."

झुंबरबाई म्हणजे त्याची आई. बूट मात्र तिथून हलले नाहीत. तिसरा नट आवळताना पितांबरच्या ध्यानात आलं की अभिमन म्हणजे आपला मेहुणा, आणि बायको परवाच संक्रांतीला पहूरला गेली आहे. चौथा नट त्यानं आवळला की नाही, हे त्याला पुढं कधीच आठवलं नाही.

बायकोचं माहेरचं नाव झुंबर होतं आणि सासूचंही झुंबरच. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालायच्या? हाक सासूला मारली आणि ओ सुनेनं दिली तर? म्हणून वरात असोद्याला आली त्या दिवशी ताटातल्या तांदळात पितांबरनं अंगठीनं 'यशोदा' असं लिहिलं. नाव आत्यानं सुचवलं होतं, त्यानं फक्त गिरवलं. ते साल सहासष्ट. तेव्हापासून त्या घरात तिला कोणी झुंबर म्हटलं नाही. पुढं नोकरीमुळं बिऱ्हाड जळगावात आलं, आई वारली, मुलगी लग्न होऊन नरडाण्याला गेली, तरी नाव यशोदाच राहिलं. पितांबर तर तेही क्वचित घ्यायचा. "अगं" म्हटलं की भागत होतं. पहूरला मात्र ती झुंबरच होती, आणि पहूरलाच सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ती गेली.

पाचव्या दिवशी मृत्यूची नोंद करायला पितांबर आणि अभिमन पहूरच्या ग्रामपंचायतीत गेले. अभिमननं आदल्या दिवशीच तोंडी माहिती दिली होती. ग्रामसेवकानं रजिस्टर वळवून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, 'झुंबरबाई पितांबर पाटील'.

पितांबरचं डोकं पाच दिवस जागेवर नव्हतंच. तो म्हणाला, "हे खोडा. झुंबरबाई माझी आई होती. ही यशोदा."

"पाव्हणे, गावात तिले यशोदा कोणीच म्हणत नव्हतं," अभिमन हळूच म्हणाला.

"माझ्या घरात म्हणत होते ना? माझ्या घरची बाई आहे ती."

ग्रामसेवक समजूतदार होता. "असं करतो पाटील, दोन्ही लिहितो. यशोदाबाई ऊर्फ झुंबरबाई."

"ऊर्फ कशाला? चोर होती का ती?"

तिथं आणखी चार माणसं बसली होती. कोणी हसलं नाही. ग्रामसेवकानं नाव खोडलं, वर यशोदाबाई लिहिलं, बाजूला सही केली. अभिमन उठून बाहेर गेला आणि बाभळीखाली पाठ करून उभा राहिला. पितांबरला त्या वेळी आपण बरोबर केलं असंच वाटलं.

त्या दाखल्यावर महिन्याभरात सगळी कामं झाली. रेशनकार्डावरचं नाव कमी झालं, बँकेतलं झालं, आगाराच्या कागदांतलं झालं. आता काही राहिलं नाही असं वाटत असतानाच फेब्रुवारीच्या शेवटी एक छापील पोस्टकार्ड आलं.

'आदरणीय झुंबरबाई पितांबर पाटील, या महिन्यात आपण एकदाही आला नाहीत. शरीर हीच खरी संपत्ती. आम्ही आपली वाट पाहत आहोत.' खाली नवजोम हेल्थ क्लबचा शिक्का होता.

पितांबरला आधी वाटलं, आईच्या नावानं कोणी चेष्टा केली. मग जिम आठवली.

आदल्या वर्षी डॉक्टरनं गुडघ्यांसाठी तिला वजन कमी करायला सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "असोद्याला जाऊन कापूस निंद, आपोआप उतरेल." पण तिनं तीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं आणि हे मागितलं. दुपारी दोन ते चार बायकांची वेळ असते, शेजारची लताबाई जाते, मी पण जाईन म्हणाली. तीन वर्षांचा करार केला की सवलत होती. फॉर्म तिनंच भरून घेतला होता. जेवणाच्या सुट्टीत आगाराच्या फाटकाशी आली, आणि जिथं जिथं पेन्सिलीच्या फुल्या होत्या तिथं त्यानं जामीन म्हणून सह्या ठोकल्या. पुढच्या तारखा घातलेले बारा चेकही सही करून दिले. डबा गार होत होता म्हणून वाचलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाखला घेऊन क्लबवर गेला. बायकांची वेळ होती, म्हणून त्याला दारातच बाकावर बसवलं. मॅनेजर लीलाधर तिशीचा होता, बोलायला गोड. त्यानं कार्ड काढलं, दाखला शेजारी ठेवला आणि दोन्हींकडं पाहत राहिला.

"काका, आमच्या सभासद झुंबरबाई. तुमचा दाखला यशोदाबाईंचा."

"एकच आहे ती."

"असेलही. पण कागदावर दोन आहेत."

"नवऱ्याचं नाव तर एकच आहे ना?"

"एका नवऱ्याच्या दोन बायका असतात काका."

"एस.टी.च्या पगारात?" पितांबर म्हणाला.

लीलाधर हसला आणि दाखला परत पुढं सरकवला. "मला तुमचं पटतं. पण करारातलं कलम आहे. सभासद वारला तर त्याच नावाचा दाखला पाहिजे. मुदतीआधी बंद करायचा अधिकार मला नाही, मालकांना आहे. ते धुळ्याला बसतात."

"तिनं हे नाव कशाला सांगितलं?" पितांबरनं विचारलं, पण त्याचं उत्तर लीलाधरकडं नव्हतं.

ते कुंदाबाईकडं होतं. ती बायकांना व्यायाम शिकवायची. निघताना ती गळ्यात शिट्टी घालून दारात आली. "तुम्ही झुंबरताईंचे मालक ना? लताबाईंनी सांगितलं मला. वाईट झालं." मग जरा थांबून म्हणाली, "पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर त्या कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग झुंबर म्हणाल्या. पहिला आठवडा हाक मारली तर वळायच्या नाहीत. मला वाटलं, कमी ऐकू येतं. नंतर मात्र पहिल्या हाकेला वळायच्या. लुगडं खोचून सायकलवर बसायच्या. दहा मिनिटं म्हटलं की पंधरा मारायच्या."

"घरी काही बोलली नाही," पितांबर म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं का?" कुंदाबाईनं सहज विचारलं आणि आतून कोणी बोलावलं म्हणून गेली.

आगारात पितांबरनं बरोबर काम करणाऱ्या भटूला सगळं सांगितलं. भटू साक्रीकडचा, बोलणं अजून तिकडचं, अहिराणीच. तो म्हणाला, "तुनी सही शे ना? मग बठ्ठं तुन्याच गळाम्हा." सगळं आपल्याच गळ्यात आलंय, हे पितांबरलाही कळत होतं. भटू चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "तुन्या आईना दाखला शे ना घरमा? त्यावर झुंबरबाईच शे. तोच दे."

भटूनं ते हसत म्हटलं होतं. पण घरी गेल्यावर पितांबरनं पेटी उघडून आईचा दाखला खरंच काढला. झुंबरबाई सुकदेव पाटील, एकोणीसशे एकोणऐंशी. बराच वेळ तो कागद मांडीवर होता. आपण आईच्या मरणावर बायकोची जिम बंद करायला निघालो, हे त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. त्यानं कागद घडी करून परत ठेवला.

मार्चात रजा टाकून तो धुळ्याला गेला. मालकाचं ऑफिस तिथल्या जिमच्या माडीवर होतं. खालून लोखंड आपटल्याचा आवाज येत होता आणि दर आवाजाला टेबलावरची काच थरथरत होती. मालकानं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मान हलवत राहिला.

"पाटील, माणूस म्हणून मला दुःख आहे. पण उद्या ऑडिटवाला विचारेल. चेक थांबवले तर नोटीस तुम्हालाच येईल, जामीन तुम्ही आहात."

"मग मी काय करू?"

"एक मार्ग आहे. सभासदत्व नवऱ्याच्या नावावर करता येतं. तुम्ही या व्यायामाला."

"मी दिवसभर बसचे टायर उचलतो, साहेब."

"तरी पाठीला बरं असतं." मालक चेष्टा करत नव्हता. त्यानं खरंच फॉर्म काढला. "मात्र दोन ते चारची वेळ बायकांची आहे. तुम्हाला सकाळची घ्यावी लागेल. आणि सभासदत्व तुमच्या नावावर वर्ग करायलाही दाखला लागेलच. तोच, झुंबरबाईंच्या नावाचा."

पितांबरनं चहा संपवला. "पोस्टकार्डं तरी बंद करा."

"ती जळगावहून जातात. यादीतलं नाव निघालं की आपोआप बंद."

खाली उतरताना त्यानं बायकांची वेळ लिहिलेली पाटी पाहिली. इथंही दोन ते चारच होती.

जळगावला परतल्यावर तो कोर्टापुढच्या एका वकिलाकडं गेला. वकील म्हणाला, "सोपं आहे. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करा. पण तुमच्या एकट्याच्या शब्दावर क्लबवाला मानणार नाही. माहेरचा कागद आणा."

माहेरचा कागद कुठला आणायचा? ती दुसरीपर्यंत शिकलेली. पहूरच्या शाळेत त्यानं विचारलं तर त्या सालांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. तिथून तो ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक तोच होता. त्यानं रजिस्टर काढलं, खोडलेलं नाव दाखवलं आणि बोट तिथंच ठेवलं.

"मी ऊर्फ लिहितो म्हटलं होतं, पाटील."

"आता लिहा."

"एकदा तुमच्याच सांगण्यावरून दुरुस्त केलं. आता पुन्हा केलं तर वरचे मलाच विचारतील. बँकेनं, रेशननं हाच दाखला घेतलाय ना?"

"घेतला."

"मग झालं."

वकिलानं सांगितलेला शेवटचा उपाय राहिला होता. माहेरचा रक्ताचा माणूस, जो लग्नात हजर होता, त्यानं प्रतिज्ञापत्रावर सही करायची. असा माणूस एकच होता. वकिलानं कागद टाइप करून दिला होता. पितांबर तो पिशवीत घालून अभिमनच्या दारात गेला.

अभिमन ओट्यावर दोर वळत बसला होता. त्यानं पाणी दिलं, बस म्हटलं. आत खाटेवर म्हातारी होती, झुंबरची आई. तिला आता दिसत नव्हतं. पितांबरनं कागद वाचून दाखवला. अभिमननं दोर खाली ठेवला नाही.

"पाव्हणे, त्या दिवशी चार माणसांत तुम्ही काय म्हणाले?"

"माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, अभिमनभाऊ."

"माझंबी नव्हतं. पण मी कोणाचं नाव नाही खोडलं." तो आवाज न चढवता बोलत होता. "पंचायतीतून दाखला आणला तेव्हा आईनं मले वाचायले लावला. मी वाचला. तर म्हणे, ही यशोदा कोण? माही पोर कुठी आहे त्यात? तिले काय सांगू मी? तुम्ही सांगता?"

पितांबरनं आत पाहिलं. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. जागी होती की झोपलेली, कळत नव्हतं.

"आता तुम्हाले झुंबर पाहिजे," अभिमन म्हणाला. "चेक थांबवायचे म्हणून."

हे खोटं नव्हतं. पितांबरनं कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "तिनं तिथं स्वतःच सांगितलं होतं. कोणी न सांगता. झुंबर म्हणून."

अभिमनचे हात थांबले. "कुठी? त्या जिमात?"

"हो. सगळ्या बायका झुंबरताई म्हणायच्या. ती पहिल्या हाकेला वळायची म्हणे."

दोराचं टोक अभिमनच्या बोटांतून सुटलं आणि पीळ उलगडत गेला, तो त्यानं अडवला नाही.

"मग राहू द्या ना तिले तिथं तरी," तो म्हणाला.

पितांबरनं कागद परत पिशवीत घातला. त्यानं पेन पुढं केलं नाही आणि अभिमननंही मागितलं नाही. साडेचारची जळगाव गाडी होती. अभिमन त्याला फाट्यापर्यंत सोडायला आला, गाडीत बसवलं, कंडक्टरला म्हणाला, "आमचे पाव्हणे आहेत, नीट उतरवा." पण सहीचं बोलला नाही.

पोस्टकार्ड दर महिन्याला येतं. आता पितांबर ते वाचत नाही, पण फेकतही नाही. आईच्या दाखल्याखाली ठेवतो. चेक तीन महिन्यांनी एक जातो. एकदा दुपारी क्लबवरून जाताना आत सायकल फिरल्याचा आवाज आला, तेव्हा तो जरा थांबला. मग कोणी पाहील म्हणून पुढं निघाला.

कराराची मुदत मार्च अठ्ठ्याण्णवला संपते. प्रतिज्ञापत्र पेटीत आहे. दोन्ही नावं लिहिली आहेत, कोर्टाचं तिकीट लावलं आहे, पितांबरची सही झाली आहे. अभिमनच्या सहीची जागा कोरी आहे.