कोरमचा झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. अस्सल सागवानी, दोघांनी ऐसपैस बसावं एवढा. आज माझ्या पितळी कड्या गेल्या आहेत आणि मी काथ्याच्या दोरांवर लोंबकळतो आहे. पण एके काळी माझ्यावर एका कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभा भरत असत. हसू नका. खरंच भरत असत, आणि त्यांतली शेवटची सभा आठवली की अजून माझ्या पाटाला कापरं भरतं.

माझं मूळ सुरंगी गावच्या रानातलं. सदाशिव मिस्त्रींनी मला सागाच्या ओंडक्यातून कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि सिल्वासातल्या भगुभाई शेठच्या बंगलीत, ओसरीवर टांगलं. टांगून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "दोघं बसले तर हा सरळ चालेल. एकटा बसला तर त्याने मधोमध बसावं, नाहीतर तिरका जाईल." शेठ मला कौतुकाने 'हिंचको' म्हणत. पुढे शेठ-शेठाणी मुलाकडे वलसाडला राहायला गेले, बंगली भाड्याने दिली गेली आणि माझ्यासकट ती दोन तरुण मराठी इंजिनियरांच्या ताब्यात आली.

ती साल चौऱ्याऐंशीची गोष्ट. करात सवलत मिळते म्हणून तेव्हा सिल्वासात रोज नवा कारखाना उभा राहत होता. या दोघांनीही राखोलीला नदीच्या बाजूला एक शेड घेतली होती आणि त्यात ते प्लास्टिकच्या बादल्या बनवणार होते. एक श्रीधर, नाशिकचा, बोलण्यात पटाईत. दुसरा मधुकर, धुळ्याकडचा, साचे बनवण्यात तरबेज आणि बोलण्यात सरळसोट. नाशिकला एकाच कारखान्यात नोकरी करताना त्यांचं मेतकूट जमलं होतं. बंगलीत ऑफिस थाटलं, मागच्या खोल्यांत श्रीधरचं बिऱ्हाड आलं, टेबल-खुर्च्या आल्या, पण दोघं बसायचे माझ्यावरच. श्रीधर डावीकडे, मधुकर उजवीकडे, मध्ये चहाची बशी.

पहिल्याच आठवड्यात मधुकर काहीतरी आठवून ताडकन उठला. मी असा काही हिसडा खाल्ला की श्रीधरचा अख्खा कप त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. त्या दिवसापासून नियम झाला. उठणाऱ्याने "उठतो रे" म्हणायचं, म्हणजे दुसरा पाय टेकवून सावरून बसेल. पुढे कितीही घाई असो, हा नियम दोघांनी कधी मोडला नाही.

भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड करायची ठरली, तेव्हा वापीचे सीए जाडजूड इंग्रजी मसुदा घेऊन आले. मधुकरचं इंग्रजी यथातथाच. मग श्रीधरची बायको अनुराधा, जी शाळेत इंग्रजी शिकवायची, ती माझ्यासमोर खुर्ची टाकून दोघांना एकेक शब्द मराठीत समजावून सांगू लागली. मीही ऐकत होतो. माझं जे काही शिक्षण झालं ते तेवढंच.

"प्रोप्रायटर म्हणजे एकट्याची चूल," ती म्हणाली. "पार्टनरशिप म्हणजे एका ताटात जेवण. एकाने सांडलं तर दोघांनी पुसायचं. आणि प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे कंपनी हीच एक वेगळी व्यक्ती. तिचं देणं तिचं, तुमच्या घरातली भांडी कुणी उचलून नेणार नाही."

"वेगळी व्यक्ती? मग ती जेवते कुठं वहिनी?" मधुकरने विचारलं.

"तुमच्याच डोक्यावर बसून जेवणार ती, भाऊजी," अनुराधा म्हणाली, आणि तिघं इतके हसले की आतून मंजुळाबाई काय झालं म्हणून बघायला आली. मंजुळाबाई म्हणजे बंगलीत झाडलोट आणि चहापाणी करणारी, जवळच्या गलोंडा गावची बाई. माझ्या कड्यांना खोबरेल तेल घालायचं कामही तिने आपणहून स्वतःकडे घेतलं होतं.

मग 'कोरम' आला. सभेला निदान दोन संचालक हजर हवेत, नाहीतर ती सभाच नव्हे. "तुम्ही दोघंच आहात," अनुराधा म्हणाली, "एक जण नसला की काहीच ठरवता येणार नाही." हा शब्द दोघांना फार आवडला. जो आधी येऊन बसे तो फोन फिरवून ओरडे, "अरे, कोरम होत नाहीये, ये लवकर!" मंजुळाबाईसुद्धा दारातून विचारायची, "कोरम झाला का? चा टाकू?"

सगळ्यात शेवटी ते कलम आलं. सभेत समान मतं पडली, तर अध्यक्षाला आणखी एक मत. कास्टिंग व्होट. अध्यक्ष कोण, हे मधुकरनेच ठरवून टाकलं होतं. "श्री, तुझं इंग्रजी फर्डं आहे, तूच हो भो."

अनुराधा थबकली. तिने कागद मांडीवर ठेवला. "भाऊजी, हे कलम काढून टाका. दोनच माणसं आहात. मतभेद झाला तर प्रत्येक वेळी ह्यांचंच खरं होईल."

श्रीधर लगेच म्हणाला, "मग काढू या की."

पण मधुकरला ते लागलं. "शुभ बोला वहिनी. ते काढा म्हणजे आम्ही भांडणार असं धरूनच चालायचं का? पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगतं का कधी? राहू द्या ते तिथंच."

आणि ते राहिलं. प्रेमाने राहिलं, मित्रांनो, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. लबाडीने घातलेलं असतं तर कुणीतरी कधीतरी त्याच्यावर डोळा ठेवला असता.

श्रीमधु प्लास्टिक्स प्रायव्हेट लिमिटेड. दोघांच्या नावांतून बनवलेलं हे नाव ओसरीच्या खांबावर लागलं. काय दिवस होते ते! मधुकरने धुळ्याकडची पोरं बोलावून घेतली, त्यांना मशिनवर बसायला शिकवलं, त्यांच्या बायकापोरांसाठी राखोलीत खोल्या शोधून दिल्या. श्रीधर गुजरातभर हिंडून ऑर्डरी आणायचा. दर तिमाहीला सभा व्हायची, माझ्यावरच. आलेला पाहुणा म्हणायचा, "वा, सागवानी बोर्डरूम!" आणि मी उगाचच थोडा जास्त झुलायचो. कौतुक कुणाला नको असतं? ओसरीच्या भिंतीवर झुलणाऱ्या लंबकाच्या घड्याळाला मी हिशेबातही धरत नसे.

नव्वदनंतर वारं फिरलं. सवलतीची वर्षं संपत आली. स्वस्त माल सगळीकडून येऊ लागला. श्रीधर आता माझ्यावर कमी आणि आतल्या खोलीत टेलिफोनपाशी जास्त बसू लागला. मंजुळाबाईचं तेल चालू होतं, पण बसणारी माणसंच नसतील तर कड्यांना तेल घालून तरी काय उपयोग?

सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने कारखाना विकत मागितला. श्रीधरला तो विकायचा होता. तो काही खलपुरुष नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आज मान राखून बाहेर पडलो नाही, तर दोन वर्षांत कुलूप लागेल. मधुकर मात्र ठाम होता. "पोरांना मी घरून आणलंय श्री. त्यांच्या आयांना शब्द दिलाय. नवे मालक मशिनं उचलून नेतील आणि पोरं रस्त्यावर येतील. नवा साचा करतो, नवं काहीतरी काढू. एक वर्ष दे." हे बोलणं कितीदा झालं, त्याला सुमार नाही. शेवटी श्रीधरने रीतसर सभा बोलावली.

सभेच्या आदल्या दिवशी मधुकर काही कागद न्यायला आला होता. अनुराधा त्याचीच वाट बघत ओसरीत उभी होती.

"भाऊजी, उद्या येऊ नका."

"का हो वहिनी?"

"तुम्ही आला नाहीत तर कोरम होणार नाही. सभाच होणार नाही. थोडा वेळ मिळेल, तोवर मी ह्यांच्याशी बोलते. आलात तर हे आपलं दुसरं मत वापरतील. मला दिसतंय ते."

मधुकर बराच वेळ माझ्या कडीवरून बोट फिरवत राहिला. "श्री तसं करणार नाही," तो म्हणाला. पण जाताना म्हणाला, "बरं. नाही येत."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीधर एकटाच माझ्यावर येऊन बसला, डावीकडे, नेहमीच्या जागी. मी तिरका झालो. थोडा वेळ वाट बघून त्याने आतला फोन लांब वायरीसकट ओसरीवर ओढून घेतला आणि राखोलीला लावला. त्याचा आवाज मात्र तोच होता, पहिल्या दिवसांमधला.

"अरे मधू, कोरम होत नाहीये रे. ये ना."

त्यात कावा होता की माया, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असावं. थोड्याच वेळात दारात स्कूटर वाजली. अनुराधा आतल्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"तू एकटा बसलायस म्हटल्यावर राहवेना," मधुकर म्हणाला आणि उजवीकडे बसला. मी सरळ झालो. मला वेड्याला आनंद झाला.

"कारखाना विकायचा. माझं मत हो," श्रीधर म्हणाला.

"माझं नाही."

मंजुळाबाईने चहा आणला. कुणी घेतला नाही. श्रीधरने पाय टेकवून मला थांबवलं, घसा खाकरला आणि हातातल्या कागदात बघत म्हणाला, "ॲज चेअरमन, आय एक्सरसाइज माय कास्टिंग व्होट."

त्या ओसरीत इंग्रजी शब्द कमी का आले होते? पण ते दोघं एकमेकांशी इंग्रजीत कधी बोलले नव्हते. मधुकर त्याच्याकडे वळला.

"हे मराठीत सांग ना भो."

श्रीधरने कागदावरचं ते वाक्य पुन्हा एकदा बघितलं.

"सांग ना. वहिनींनी मराठीतूनच तर शिकवलंय आपल्याला."

श्रीधर खाली बघत राहिला. मला वाटलं, आता हा मान वर करेल, कागद फाडेल, निदान एक शिवी तरी देईल. पण त्याने कागदाची घडी घातली. मधुकरच्या जागी दुसरा कुणी असता तर लाथ मारून उठला असता. मधुकरने कडीला हात घातला आणि हळूच म्हणाला, "उठतो रे."

श्रीधरने सवयीने पाय टेकवले. मला जराही हिसडा बसला नाही. मधुकर पायऱ्या उतरून गेला तो पुन्हा त्या ओसरीत आला नाही.

मधुकरचं म्हणणं खरं ठरलं. नव्या मालकांनी वर्षभरातच मशिनं दुसरीकडे हलवली. धुळ्याची माणसं पांगली. वाळू नावाचा त्यांच्यातला एक जण अधूनमधून मंजुळाबाईला भेटायचा. त्याच्याकडून कळलं की मधुकरने धुळ्याला लहानसं वर्कशॉप टाकलं आहे आणि दारावरच्या पाटीवर नावाखाली 'प्रोप्रायटर' असं लिहिलं आहे. एकट्याची चूल. श्रीधर-अनुराधा पुण्याला गेले. बंगली पाडून तिथे दुकानांची इमारत झाली. माझ्या कड्या कुणीतरी भंगारात घातल्या. पाट फेकून देणार होते, तो मंजुळाबाईने मागून घेतला, दोन माणसांकरवी गलोंड्याला नेला आणि आपल्या पडवीत दोरांनी टांगला.

गेल्या उन्हाळ्यात एक गाडी दाराशी थांबली. श्रीधर उतरला. केस पांढरे झाले होते. मंजुळाबाईला त्याने नमस्कार केला आणि मला बघून जवळ येत माझ्या दोराला हात लावला. मग बसला. डावीकडे, अगदी कडेला.

"साहेब, मधी बसा. तिरका जातो तो," मंजुळाबाई म्हणाली.

"असू दे." तो उजवीकडच्या रिकाम्या पाटावर हात ठेवून म्हणाला, "कोरम नाही ना, मंजुळाबाई."

"मंग बोलवून घ्या ना मधुसाहेबाला. धुळा काय दर्यापार हाय?"

"कुठल्या तोंडाने बोलवू?"

"त्याच तोंडानं. आधी म्हनायचे ना, कोरम होत नाय, ये. तसाच म्हनायचा. ते येनार."

श्रीधरने मान हलवली. "त्याच हाकेवर तो शेवटचा आला होता, मंजुळाबाई. आता ती हाक माझ्या तोंडातून निघत नाही."

मंजुळाबाई उठून आत गेली. तिने चहा आणून दिला. तो त्याने प्यायला, कप खाली ठेवला, दोराला हात घातला. आणि शेजारी कुणी नसताना, रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "उठतो रे."

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल. कुणी भागीदार व्हाल, कुणी संचालक, कुणी अध्यक्ष. ज्या कलमाला 'राहू द्या' म्हणाल ते पुन्हा एकदा वाचा, आणि काढून टाक म्हणणाऱ्या माणसावर रागावू नका. मतभेद झाला तर काय करायचं, ते त्या कागदात लिहिलेलं होतं. त्यानंतर काय करायचं, ते कुणीच लिहिलं नव्हतं. ते ज्याचं त्यानेच करायचं असतं, आणि वेळेत करायचं असतं.

माझे दोर अजून घट्ट आहेत. मंजुळाबाई ते कुजू देत नाही. उजवीकडची जागा ती रोज फडक्याने पुसते. मला हाक मारता आली असती तर मीच कधीची धुळ्याला मारली असती. मला येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.