आधी कोण निघणार

नदीकाठच्या खालच्या गल्लीत त्याला सगळे भोंगाच म्हणायचे. तो नगरपालिकेच्या पूर विभागात नोकरीला होता. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की जीपवर कर्णा लावून लोकांना घरं रिकामी करायला सांगणं, हे त्याचं काम. घसा कोरडा पडेस्तोवर तो ओरडायचा. लोक खिडकीत यायचे, समोरच्या खिडकीकडे बघायचे आणि तिकडे काही हालचाल नाही म्हटल्यावर पुन्हा आत जायचे. समोरचेही नेमकं तेच करायचे.

एकदा जेवताना त्याने हे गाऱ्हाणं वहिनीपुढे मांडलं. वहिनीचं चपलांचं दुकान होतं. ती म्हणाली, रिकाम्या दुकानात कुणी पाय ठेवत नाही. म्हणून सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की मी त्याला हा जोड घालून बघा, तो घालून बघा, करत दाराशीच बसवून ठेवते. त्याला बघून दुसरं आत येतं. तुझ्या गल्लीत असं कोण आहे, ज्याच्याकडे बघून बाकीचे ठरवतात?

असे दोघं होते. एक कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशी. अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवले होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीची भांडणं मिटवली होती. दुसरा त्यांच्या समोरचा बेकरीवाला.

पुढच्या वेळी इशारा आला तेव्हा भोंग्याने जीप बाहेरच उभी केली. मावशींना जाऊन सांगितलं, बेकरीवाल्यांची आवराआवर चाललीये. मग रस्ता ओलांडून बेकरीवाल्याला सांगितलं, मावशींनी मशीन बांधायला घेतलंय. दोन्ही थापा. पण तासाभरात दोन्ही खऱ्या झाल्या, आणि त्या दोघांचं सामान बाहेर येताना बघून संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली रिकामी झाली. साहेबांनी पाठ थोपटली. भोंग्याचे पाय जमिनीवर नव्हते.

पाणी मात्र पायरीला लागून मागे फिरलं. मळलेलं पीठ फुकट गेलं म्हणून बेकरीवाला करवादला. शाळेच्या हॉलमध्ये सगळे थांबले होते, तिथे तो मावशींना म्हणाला, तुम्ही निघालात म्हणून मी निघालो. मावशी म्हणाल्या, मी तर तुझ्यामुळे निघाले. झालं, सगळं उघडं पडलं.

मावशींनी भोंग्याला बोलावून घेतलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच तो गेला. त्या काजं करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू खरं सांगितलं असतंस तर मी निघाले असते की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही."

"मावशी, तुमच्या जिवासाठीच केलं."

"माहितीये. म्हणून तर मला तुझ्यावर धड ओरडताही येत नाही."

ते बोलणं त्याच्या मनात रुतून बसलं. घरी त्याने वहिनीलाच बोल लावला. ती शांतपणे म्हणाली, "अरे, माझं गिऱ्हाईक दुकानात खरोखर बसलेलं असतं."

वर्षभराने पुन्हा पाणी चढलं. या खेपेला धरणाचे सगळे दरवाजे उघडायचे होते. भोंगा कर्णा घेऊन गल्लीत फिरला, पण आता खिडकीतून हसण्याचे आवाज येत होते. बेकरीवाल्याने तर दुकानातूनच विचारलं, "काय रे, मावशी निघाल्या वाटतं?"

तो मावशींच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कोण कोण निघालंय?" मावशींनी विचारलं.

थाप अगदी जिभेवर आली होती. त्याने ती गिळली.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "पाणी येईलच, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आलं तर मागच्यासारखं पायरीवर थांबणार नाही. तुम्ही निघालात तर तुमच्याकडे बघून बाकीचे निघतील, म्हणून तुमच्याकडे आलोय."

"आणि नाही आलं तर?"

"तर लोक माझ्याबरोबर तुम्हालाही हसतील."

मावशी बराच वेळ गल्लीकडे बघत राहिल्या. शेवटी मावशींनी हातातलं कापड घडी घालून ठेवलं आणि म्हणाल्या, "मशीनचं ते टोक धर."

मागच्या दाराने रस्ता जवळचा होता, पण त्या मुद्दाम गल्लीच्या मधून निघाल्या. बेकरीसमोर दम खायला थांबल्या आणि म्हणाल्या, "मी निघालेय. त्याच्यावर विश्वास नसेल तर माझ्याकडे बघ." बेकरीवाला वळणापर्यंत दोघांकडे बघत राहिला. मग त्याने भट्टी बंद केली.

सगळेच काही आले नाहीत. दोन घरं हटून बसली, त्यांना दुसऱ्या दिवशी नावेने छतावरून उतरवावं लागलं. पाणी खिडक्यांच्याही वर गेलं होतं.

हॉलमध्ये भोंगा मावशींपाशी येऊन भिंतीला टेकून बसला.

"शिवून ठेवलेले कपडे वरच्या फळीवर होते," मावशी म्हणाल्या. "ते गेले असतील का रे?"

नाही गेले, असं म्हणावंसं त्याला फार वाटलं.

"गेले असतील, मावशी," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि अंगावरच्या चादरीचं एक टोक त्याच्याकडे सरकवलं.